कौतिकचा नवरा

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसा’ या हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या संस्कृत ग्रंथात एक कथा आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आईवर रुसून घराबाहेर पडतो. त्याचा मित्र कुमार रडू लागतो. तेव्हा कुमाराची आई गौरी विचार करते, की जाणाऱ्याला अडवायचे तर प्रेमाखेरीज दुसरे बंधन कामाचे नाही, आणि त्यासाठी ती एक स्त्रीच घडवते. तिचे नाव साहित्यविद्यावधू. रागावून पुढे चालला आहे तो तुझा नवरा, त्याच्या मागे जा आणि त्याला परत घेऊन ये, असे गौरी तिला सांगते. ती त्याच्या मागे मुलूखभर फिरते. प्रत्येक प्रदेशात वेगळा वेष करते, वेगळे नाचते. तो जिथे अजिबात बधत नाही तिथली लिहिण्याची रीत गौडी, जिथे थोडा विरघळतो तिथली पांचाली आणि जिथे पुरता वश होतो तिथली वैदर्भी. शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचे गांधर्व पद्धतीने लग्न लागते.

वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेच्या सर्वसेन राजाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य लिहिले होते. साहित्याचे लग्न आपल्या गावी लागले याचा वाशिमकरांना अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. पण त्या लग्नाची घडण नीट पाहावी. वधू जन्मली तीच कोणाला तरी बांधून ठेवण्यासाठी. तिच्या कलेचे मोल ठरले ते तो किती खूश झाला यावर. आणि त्याच्याकडे पाहिले तर त्यालाही दोनच गोष्टी येतात, रुसून निघून जाणे आणि मोहात पडून थांबणे. आईशी बसून बोलावे, आपले काय दुखले ते सांगावे, ही वाट त्याच्यासाठी कथेत ठेवलेलीच नाही. पुरुषप्रधान व्यवस्था बाईला आणि पुरुषाला कशी घडवते हा प्रश्न मराठी कादंबरीला विचारायचा तर या कथेपासून सुरुवात करणे मला योग्य वाटते. बाईच्या घडणीबद्दल आपण दीडशे वर्षे लिहीत आलो आहोत. पुरुषाच्या घडणीकडे मराठी समीक्षेने फार कमी पाहिले. कादंबऱ्यांमध्ये मात्र ती जागोजागी आहे, आणि वऱ्हाडातल्या कादंबऱ्यांमध्ये तर फार ठळक आहे.

मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ सालची. विषय विधवांचे हाल. म्हणजे आपली कादंबरी जन्मली तीच बाईच्या प्रश्नातून. पहिल्या शंभर वर्षांचा इतिहास ज्यांनी लिहिला त्या कुसुमावती देशपांडे अमरावतीत जन्मलेल्या. ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हे त्यांचे पुस्तक आजही हाताशी ठेवावे असे आहे. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, आणि त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. कादंबरीचा जन्म बाईच्या दुःखातून झाला, तरी तिच्याविषयी अधिकाराने बोलायला बाई अध्यक्षपदी बसली ती शंभर वर्षांनी.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. तिच्यातली यमू सगळ्यांना माहीत आहे. विधवा झाल्यावर तिचे केशवपन करवणारा शंकरमामंजी वाचकांच्या तिरस्काराचा धनी झाला, आणि व्हायलाच हवा होता. मला मात्र त्या कादंबरीतला जास्त भयंकर भाग वेगळा वाटतो. यमूचा नवरा रघुनाथ भला आहे. तो तिला शिकवतो, तिच्याशी बरोबरीने बोलतो. मुंबईतले त्यांचे दिवस म्हणजे मराठीतल्या पहिल्या सुखी संसारांपैकी एक. तो मरतो आणि दुसऱ्या दिवसापासून ते सगळे सुख कोणाच्या मालकीचे होते ते कळते. यमूला मिळालेले स्वातंत्र्य तिचे नव्हतेच, ते रघुनाथच्या आयुष्याला जोडलेले होते. सुधारक पुरुषाने दिलेली मोकळीक त्याच्याबरोबरच संपते, हे हरिभाऊंनी सुधारणेच्या ऐन भरात लिहिले. आणि रघुनाथच्या बाजूने पाहिले तर तोही एकटाच आहे. घरात चांगले वागण्याची किंमत म्हणून त्याला आपल्याच माणसांपासून दूर राहावे लागते.

हरिभाऊंच्याही आठ वर्षे आधी बुलढाण्यात एका बाईने पुरुषांकडे बोट दाखवले होते. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापले गेले. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचे. मूल मारल्याच्या आरोपावरून तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती काळ्या पाण्यात बदलली, आणि वर्तमानपत्रांना बायकांच्या अनीतीवर लिहिण्याचा ऊत आला. ताराबाईंनी त्याला उत्तर दिले. बायकांच्या माथी मारले जाणारे एकेक दोष घेऊन त्यांनी विचारले, की हे पुरुषांत नाहीत काय? त्या काळच्या गोष्टींच्या पुस्तकांतल्या आणि नाटकांतल्या बायका अशाच का रंगवल्या जातात, हाही प्रश्न त्यांनी विचारला. बाईचे कपट नेहमी पुरुषाच्या लेखणीतूनच का उतरते, हे विचारणारी मराठीतली पहिली समीक्षा वऱ्हाडातून आली, असे मी म्हणेन. सत्यशोधक जोतीराव फुले ‘सत्सार’मध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर पुस्तक जवळजवळ नाहीसे झाले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. मधली नव्वद वर्षे मराठी वाचकांच्या पिढ्या ताराबाईंवाचून कादंबऱ्या वाचत राहिल्या, याची हळहळ मला नेहमी वाटते.

१९०७ साली वाशिममध्ये गीता साने जन्मल्या. विदर्भातच शिकून विज्ञानाच्या पदव्या घेतल्या. १९३६ साली, तिशीच्या आत, त्यांच्या ‘निखळलेली हिरकणी’, ‘वठलेला वृक्ष’ आणि ‘हिरवळीखाली’ या कादंबऱ्या आल्या. पुढे ‘लतिका’, ‘फेरीवाला’, ‘आविष्कार’, ‘माळरानात’, ‘धुके आणि दहिवर’. त्यांच्या नायिका शिकलेल्या आणि स्वतःच्या पायावर उभ्या आहेत. लग्न ही गोष्ट त्या गृहीत धरत नाहीत. नवऱ्याने छळले म्हणून नाही, तर नातेच बरोबरीचे नाही म्हणून घर सोडता येते, असा विचार त्या मांडतात. फडके-खांडेकरांच्या काळात, नायिकेने शेवटी कोणाच्या तरी खांद्यावर डोके ठेवायचेच अशा वातावरणात, हे लिहिणे सोपे नव्हते. या कादंबऱ्यांत चर्चा जास्त आणि पात्रांना श्वास घ्यायला जागा कमी, हा आक्षेप पुष्कळ अंशी खरा आहे. पण ज्या गोष्टी बोलायला भाषाच नव्हती, त्यांची भाषा आधी चर्चेतच घडते. पुढच्या लेखिकांना ती तयार मिळाली.

गीताबाईंचे ‘चंबळची दस्युभूमी’ हे पुस्तक १९६५ सालचे. स्त्रीमुक्तीची कादंबरीकार दरोडेखोरांच्या मुलखाकडे का वळली असेल? मला त्यात सलगता दिसते. सूड, खानदानाची इज्जत, खांद्यावरची बंदूक यांवर उभ्या असलेल्या मर्दानगीचा तो मुलूख. बायकांच्या बेड्यांबद्दल आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाला त्या बेड्या घडवणाऱ्या भट्टीकडे कधीतरी जावेसे वाटणारच. ‘भारतीय स्त्रीजीवन’ हा त्यांचा मोठा ग्रंथ १९८६ साली आला. त्यांची मुलगी वसुधा धगमवार कायद्याच्या क्षेत्रात गेल्या. मथुरा बलात्कार प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध १९७९ साली चौघांनी जे खुले पत्र लिहिले, त्यात त्यांची सही होती. त्या पत्राने देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. मथुरा ही देसाईगंजची, विदर्भातलीच आदिवासी मुलगी. आईच्या कादंबरीतला प्रश्न मुलीने कोर्टापर्यंत नेला, असा हा वाशिमपासून निघालेला धागा आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांत फारसा सांगितला जात नाही.

गीताबाईंच्या पहिल्या कादंबऱ्यांच्याच दशकात विभावरी शिरूरकर या नावाने मालतीबाई बेडेकरांची ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) आणि ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) ही पुस्तके आली. ‘हिंदोळ्यावर’मधली अचला नवऱ्याने टाकलेली. तिला विरागकडून, लग्नाच्या चौकटीबाहेर, मूल हवे आहे. केवढा गदारोळ झाला! लेखिका कोण याचा शोध घेण्यात लोकांनी जेवढी शक्ती घालवली, तेवढी पुस्तक समजून घेण्यात घातली नाही. पुढे मालतीबाईंचे लग्न झाले ते विश्राम बेडेकरांशी, आणि विश्राम बेडेकर अमरावतीत जन्मलेले. त्यांची ‘रणांगण’ १९३९ सालची. तिचा नायक चक्रधर एका बाईने नाकारल्यावर सगळ्या बायकांशी कठोर झालेला. बोटीवर त्याला हेर्टा भेटते, नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी. ती जीव ओवाळून टाकते आणि तो कचरतो. मराठीतल्या उत्तम कादंबऱ्यांत ‘रणांगण’ गणली जाते, पण ती बहुधा युद्धाची आणि प्रेमाची म्हणून वाचली जाते. माझ्या मते ती आधी एका पुरुषाच्या गोठलेपणाची आहे. हळवे होणे म्हणजे हरणे, असे शिकलेला माणूस समोर आलेले प्रेम घेऊ शकत नाही, आणि त्याची किंमत मोजते ती हेर्टा. एकाच घरातली दोन माणसे, एकीने बाईची कोंडी लिहिली आणि दुसऱ्याने पुरुषाची. ती एकत्र वाचायला हवीत.

आता ज्या पुस्तकासाठी हा आढावा मुख्यतः लिहावासा वाटला त्याकडे येतो. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. वऱ्हाडी बोलीत जगणारी, बोलणारी, भांडणारी माणसे मराठी कादंबरीत एवढ्या ताकदीने त्याआधी आली नव्हती. कौतिक ही त्या कादंबरीचा कणा. शिंप्याचे घर, हातात पैसा नाही, पोरांना वर काढायची जिद्द, आणि नवरा महादेव, जो कोणत्याच कामाला धरून राहत नाही. ती रोजमजुरीला जाते, निंदणाला जाते, लोकांची बोलणी खाते, आणि घर ओढत राहते. साठ वर्षांत ‘धग’वर जेवढे लिहिले गेले त्यातले बहुतेक कौतिकवर आहे. तिचा सोशिकपणा, तिची झुंज, तिचा अंत. महादेवबद्दल मात्र समीक्षक एका विशेषणात मोकळे होतात. नाकर्ता.

पण शेळक्यांनी महादेवला एका विशेषणात सोडलेले नाही. तो दुष्ट नाही. व्यसनी, रंडीबाज, मारकुटा अशा ठरीव साच्यातला तर मुळीच नाही. तो मऊ आहे, मिंधा आहे, दुसऱ्याच्या शब्दावर चालणारा आहे. मळलेल्या वाटेवरचे कोणतेही काम त्याला कोणी सांगितले तर तो कदाचित करील, पण कुटुंबाची गाडी स्वतः हाकायची म्हटले की तो बसकण मारतो. अशा स्वभावाची बाई असती तर गावाने तिला गरीब गाय म्हटले असते आणि ती सुखाने नांदली असती. महादेव पुरुष आहे, म्हणून तोच स्वभाव त्याचा गुन्हा ठरला. उलट कौतिकमध्ये जे आहे, धडाडी, हिशोब, पुढचा विचार, ते पुरुषात असते तर गावाने त्याला चार माणसांत बसवले असते. ती बाई आहे, म्हणून तिला तेच गुण नवऱ्याच्या आडून वापरावे लागतात. निर्णय तिचा, पण तो त्याच्या तोंडून यायला हवा. श्रम तिचे, पण घर त्याचे. दोघांचीही माप न घेता बेतलेल्या कपड्यात कोंबाकोंबी झालेली आहे. तो काढून टाकायची मुभा दोघांनाही नाही, आणि कादंबरीची सगळी धग इथून निघते. पुढे रोगाने महादेव आणखी खचतो तेव्हा वाचकाला त्याची कीव येते, पण कौतिकची सुटका होत नाही. आजारी नवरा हीही बाईचीच जबाबदारी.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अकरा वर्षांनी मराठवाड्यातून रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ आली. तिथेही घर शिंप्याचेच. गंगारामचा हट्ट आणि गावातल्या बड्यांशी त्याचे वैर यात संसार विस्कटतो, आणि ते सगळे त्याची बायको पार्वती आपल्या बोलीत सांगते. दोन मोठ्या ग्रामीण कादंबऱ्या, दोन शिंपी. हा योगायोग असेल, पण त्यातून काही कळते. ज्याच्याकडे वावर आहे त्याचा पुरुषपणा वावरावर उभा असतो. चुकला, हरला, दारू प्याला तरी सातबारा त्याच्या नावावर असतो. शिंप्याकडे असते फक्त मशीन आणि गावाची मर्जी. पायाखाली जमीन नसलेल्या पुरुषाला ‘कर्ता’ व्हायला सांगितले की एक महादेवसारखा बसून जातो आणि एक गंगारामसारखा अडून बसतो. दोन्ही बाजूंनी भरडली जाते ती बाईच. ‘धग’च्याच सुमारास श्री. ना. पेंडसे यांची ‘रथचक्र’ (१९६२) कोकणातून आली. तिथे नवरा घर सोडून गेलेला आहे. काव्यपुरुषाची ती जुनी वाट. मागे उरलेली बाई मुलाच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबाशी झगडते. दोन वर्षांच्या अंतराने आलेल्या ‘धग’ आणि ‘रथचक्र’मध्ये बाईची सगळी आशा मुलाच्या शाळेवर आहे, ही गोष्ट त्या काळाबद्दल पुष्कळ सांगते.

अमेरिकेतल्या अभिजात कादंबऱ्यांमध्येही हाच प्रश्न आहे. हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’मध्ये (१८५०) हेस्टर आपल्या छातीवर शिक्षेचे अक्षर मिरवते आणि तिच्या मुलीचा बाप असलेला धर्मोपदेशक तेच पाप आत दाबून झिजत जातो. केट शोपिनच्या ‘द अवेकनिंग’मध्ये (१८९९) बायको आणि आई यांपलीकडे आपण कोण, हे विचारणारी एड्ना शेवटी समुद्रात शिरते. पण वऱ्हाडच्या वाचकाला सगळ्यात जवळची वाटेल ती स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९). ओक्लाहोमातल्या शेतकऱ्यांची जमीन दुष्काळाने आणि बँकांनी गिळलेली. जोड कुटुंब जुन्या ट्रकमध्ये संसार भरून कॅलिफोर्नियाला निघते. वाटेत बापाने कुटुंबाची फाटाफूट करायचे ठरवले तेव्हा आई हातात लोखंडी दांडा घेऊन उभी राहते, आणि बाप गप्प बसतो. जमीन गेली तशी त्याची सत्ताही गेली. आईला ती हवी होती म्हणून मिळाली असे नाही, तिच्याशिवाय ती उचलायला कोणी उरले नव्हते. या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात धुळीने पीक मेलेले आहे, पुरुष कुंपणाशी उभे राहून पाहत आहेत, आणि बायका पिकाकडे नाही, पुरुषांच्या चेहऱ्याकडे पाहत आहेत. हा माणूस मोडला तर नाही ना, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे आहे. आमच्याकडे ऑक्टोबरात सोयाबीन भिजून काळे पडते, तेव्हा मळणीच्या जागी हेच दिसते. नवरा मूठभर दाणे हातात घेऊन बघत असतो आणि बायको त्याच्या तोंडाकडे.

बापाने मुलाला कसे घडवले याचे मराठीतले दाखले पुष्कळ आहेत, त्यांच्यावरून मी भरभर जातो. खांडेकरांच्या ‘ययाति’ची (१९५९) मूळ कथाच मुलाचे तारुण्य मागणाऱ्या बापाची. ‘कोसला’मधला (१९६३) पांडुरंग सांगवीकर सगळ्या जगावर हसतो, पण वडिलांपुढे त्याचे काही चालत नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते तेव्हा मात्र त्याचे हसणे गळून पडते. मुलगी गेली म्हणून शांतपणे मोकळे होणाऱ्या घराविरुद्धचा तो आकांत मराठी गद्यातल्या फार थोड्या खऱ्या शोकांपैकी एक आहे. आनंद यादवांच्या ‘झोंबी’मध्ये (१९८७) मुलाने शाळेत जाऊ नये म्हणून बाप आडवा पडतो, कारण त्याच्या लेखी मुलगा म्हणजे शेतातले दोन हात. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’मध्ये (१९८८) तर देवीच्या नावाने पुरुषाच्या अंगावर लुगडे चढवले जाते आणि तो जोगत्या होतो. पुरुषपण किती उसने असते, ते गाव देते आणि गावच काढून घेते, हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणत्या कादंबरीने दाखवले असेल असे मला वाटत नाही.

जातीचा विचार केल्याशिवाय यातले काहीच पुरते कळत नाही. बाबूराव बागूल यांची ‘आई’ ही कथा घ्या. झोपडपट्टीतली विधवा आई, शाळेत जाणारा मुलगा. शेजारपाजारच्या कुजबुजीतून मुलगा आईच्या चारित्र्यावर पहारा ठेवायला शिकतो. मेलेल्या बापाचा संशय त्याच्या अंगात उतरतो. त्याला आयुष्यात बाकी काही मिळाले नाही, पण आईवर हुकूम चालवण्याचा हक्क मात्र कोणीही न देता मिळाला. ज्याला गावात, रस्त्यावर, कामावर कोणी माणूस म्हणत नाही, त्याला घरात तरी मालक होता येते, हे आमिष व्यवस्थेने ठेवलेले असते. वाशिम जिल्ह्यातलेच नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे त्यांना पद्मश्रीही मिळाली. गावकुसाबाहेरचे आयुष्य त्यांनी घोषणा न देता, आतून लिहिले. सवर्ण घरातल्या बाईला उंबरठा ओलांडायची बंदी, आणि गावकुसाबाहेरच्या घरातल्या बाईला उंबरठ्याआड राहणे कधी परवडलेच नाही. दोघींचे दुःख एकच म्हणून एका वहीत लिहिता येत नाही.

शहरी लेखिकांनी चांगल्या नवऱ्यांबद्दल लिहिले. ‘एकेक पान गळावया’पासूनच्या गौरी देशपांडे यांच्या लेखनात मारणारा, कोंडणारा पुरुष जवळजवळ नाहीच. शिकलेला, समजूतदार, कधी मोहक पुरुष आहे, आणि तरी बाईला आपले आपण असायला जागा सापडत नाही. कविता महाजन यांच्या ‘ब्र’ने (२००५) आदिवासी भागातल्या महिला सरपंचांचे जग उघडे केले. आरक्षणाने खुर्ची मिळाली, शिक्का नवऱ्याच्या खिशात. आमच्या भागात सरपंचबाईंच्या नावाच्या पाटीखाली कारभार कोण पाहतो हे विचारायला लागत नाही.

आणि आता शेतकरी आत्महत्या. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले त्यात वाशिम होते. सोबत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वर्धा. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ त्याच्या चार वर्षे आधीची, आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बुलढाण्याच्या बाजूचे गाव. एकनाथ शिकलेला, पण नोकरीसाठी भरायला पैसा नाही म्हणून शेतीत अडकलेला. त्याची बायको अलका त्या घरात रुजत नाही, माहेरी निघून जाते. शिकलेल्या शेतकऱ्याची कोंडी, घरात बाप आणि मुलगा यांच्यातला ताण, बी-बियाण्यापासून बाजारापर्यंतची नागवणूक, हे सगळे देशमुखांनी इतके अचूक टिपले आहे की ही कादंबरी आमच्या काळाचा दस्तऐवज झाली आहे. माझी तक्रार एकच. अलका आपल्याला बहुतेक करून एकनाथच्या दुखावलेल्या नजरेतूनच दिसते. शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुलींवर गावोगाव राग काढला जातो. पण आईला आणि आजीला त्या घरात काय करावे लागले हे पाहत जी मुलगी मोठी झाली, तिचे ‘नको’ हे फक्त चैनीचे नसते. ते तिच्या तोंडून ऐकायला मिळाले असते तर कादंबरी आणखी मोठी झाली असती.

यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्याने वाद पेटला, आणि उद्घाटनाला शेवटी आली ती त्याच जिल्ह्यातली एक शेतकरी-विधवा. अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या. व्यासपीठावर त्या दोघी असणे हे मराठी साहित्याच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखे आहे. उद्घाटन करणारी ती बाई ‘तेरवं’ या नाटकात काम करणारी. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या या नाटकात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका स्वतः रंगमंचावर उभ्या राहतात. मेलेल्याच्या तेराव्या दिवसापासून जी बाई कोणाला दिसत नाही, तिची गोष्ट तिनेच सांगायची.

सरकारी मदतीच्या फायलीत प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरते ते जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज बँकेचे होते की सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का, यावर. सातबारा सासऱ्याच्या नावावर असला तर वावर कसणाऱ्या माणसाची बायको कागदावर शेतकऱ्याची बायको ठरणे अवघड जाते. ती स्वतः शेतकरी आहे हे तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. पुरुषांनी स्वतःच्या हाताने सत्तेचा एक कागद सोडला, अशी ती दुर्मीळ चळवळ. तिच्यावर मराठीत कादंबरी व्हायला हवी होती. सातबारा बायकोच्या नावे करून तहसीलमधून घरी आलेला माणूस त्या रात्री काय बोलला असेल, आणि ती काय बोलली असेल!

पुढची कादंबरी विधवेचीच असणार, कारण वाशिमच्या गावागावांत आज अशा बाया शेती चालवत आहेत. सोंगणीचा गुत्ता त्याच ठरवतात, बियाण्याची उधारी त्याच मागतात, बँकेत त्याच जातात. पण ती कादंबरी तेराव्या दिवसापासून सुरू होऊ नये असे मला वाटते. नवरा तिच्यात जिवंत असायला हवा, महादेवसारखा पूर्ण, त्याच्या भीतीसकट आणि लाजेसकट. त्या शेवटच्या वर्षात कर्जाचा आकडा त्याने घरात का सांगितला नाही, कोणासमोर रडता आले असते तर तो रडला असता का, आणि तिला सगळे कळत असूनही तिने विचारले का नाही. हे लिहायला वऱ्हाडी बोलीत वाढलेला, घरातली आणि वावरातली दोन्ही कामे जवळून पाहिलेला लेखक लागतो, किंवा लेखिका. रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरुळपीर, कारंज्याच्या कॉलेजांत अशा मुली आणि असे मुलगे आज मराठी शिकत आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमात ‘धग’ असेल तर महादेवचा धडाही शिकवावा, आणि गीता साने यांच्या कादंबऱ्या त्यांच्या ग्रंथालयात आणून ठेवाव्यात.